पहिली पाच मिनिटं

माळसावंगी, ता. अंबड
३ जुलै २००६

चि. इंद्रभान भावजी यांना सत्यशीला वहिनीचा आशीर्वाद.

तुम्ही दहाव्याला आलात, सगळ्यांच्या मागं उभे राह्यलात आन् न जेवताच निघून गेलात. बोलणं झालंच न्हाई. फोन करावा म्हटलं तर घरातला मोबाईल थोरल्या दिरांच्या, रखमाजीदादांच्या खिशात असतो, आन् वडीगोद्रीच्या एसटीडीवर चार माणसं कान देऊन उभी. म्हणून अंगणवाडी सुटल्यावर तिथंच बसून लिहून राह्यले.

तुमचे भाऊ गेले त्याला तीन महिने झाले. यात्रेच्या कुस्त्यांत पंच म्हणून उभे होते, उभ्या उभ्या पडले. बेचाळीस वर्षांचा माणूस, कधी डोकं दुखतं म्हणाला न्हाई. मी घरी पाव्हण्यांच्या सैपाकात होते. कुणी सांगायला आलं तवर त्यांना जीपमध्ये टाकलं होतं. मी जीपमागं पळाले, पण जीप डांबरीला लागली होती. अंबडला पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं.

तिथले डॉक्टर मला एक वाक्य बोलले. म्हणाले, "बाई, पहिल्या पाच मिनिटांत छातीला करंटचा झटका देणारी मशीन लावली असती, तर कदाचित वाचले असते." त्यांनी समजूत म्हणून सांगितलं असेल. पण ते वाक्य मला बसू देत न्हाई. झाडलेलं अंगण पुन्हा झाडते. शेतात जायला निघते आन् अर्ध्या वाटेतून परत येते. कशासाठी परत आले तेबी आठवत न्हाई.

तुम्ही पुण्याच्या दवाखान्यात मशिनींवरच काम करता. मला खरं सांगा. अशी मशीन असती का? ती खेड्यात ठेवता येती का? समजूत काढू नका, ती काढणारे इथं पुष्कळ हायेत.

तुमची
सत्यशीला वहिनी


पुणे
१९ जुलै २००६

ती. सत्यशीला वहिनींना नमस्कार.

पत्र मिळालं. त्याच दिवशी उत्तर लिहायला घेतलं होतं, पण तीनदा फाडलं.

डॉक्टर म्हणाले ते खरं आहे. अशी मशीन असते. आमच्या अतिदक्षता विभागात मी बारा वर्षं तिच्याशेजारीच उभा आहे. माणूस एकाएकी कोसळतो तेव्हा पुष्कळदा हृदय बंद पडलेलं नसतं, ते नुसतं थरथरत असतं. त्या थरथरीतून रक्त पुढं जात नाही. झटका दिला की थरथर थांबते आणि ठोके पुन्हा ताळ्यावर यायची संधी मिळते. बद्रीभाऊ उजव्या कुशीवर पडले, हातपाय न झाडता, त्यावरून तसंच झालं असावं.

आता डॉक्टर नसला तरी चालेल अशी छोटी मशीन निघाली आहे. डब्याएवढी. दोन पट्ट्या छातीला चिकटवायच्या, ती स्वतःच तपासते आणि गरज असेल तरच झटका देते. चुकून कुणाला मारत नाही. मोठ्या विमानतळांवर भिंतीला लावतात म्हणे. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. विक्रेता ओळखीचा आहे, थोडं कमी करेल.

वहिनी, ही मशीन गावात आलीच पाहिजे. तुम्ही हे काम हातात घ्या. माझे चाळीस हजार मी वेगळे काढून ठेवतो. उरलेले गावातून उभे करा, आणि लवकर करा.

आपला
इंद्रभान


माळसावंगी
७ ऑक्टोबर २००६

चि. इंद्रभान भावजींना आशीर्वाद.

चाळीस हजार! मी तो आकडा दोनदा वाचला. भाऊकीत बांधावरून तुमचं आन् ह्यांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं, तरी तुम्ही एवढं करता. मला माणसं ओळखता येत न्हाईत हेच खरं.

आता इथली हकीकत. मी ग्रामसभेत उभी राह्यले. बाईमाणूस, त्यात वर्षसुद्धा झालेलं न्हाई, म्हणून कुजबूज झाली. मी मशीनचं सांगितलं. एकजण म्हणतो, "करंटच द्यायचा तर डीपीवर नेऊ की." लोक हसले. दुसऱ्यानं विचारलं, "लोडशेडिंगमध्ये कशी चालंल?" मी म्हटलं, आतल्या बॅटरीवर चालती. मंग कुणी हसलं न्हाई.

खरी अडचण घरातूनच निघाली. रखमाजीदादांनी धाकट्या भावाच्या नावानं गावाच्या तोंडाशी कमान बांधायला वर्गणी जमवलेली. दोन खांब उभेबी राह्यले. मी म्हटलं, "दादा, कमानीखालून जीप गेली तरी ती अंबडलाच जाणार." ते सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या भावाचं नाव दगडावर राहील. तुझ्या डब्यावर काय राहील?" तेव्हापासून माझ्याशी बोलत न्हाईत. ताट वाढलं की मान फिरवून जेवतात.

पण मोसंबीवाल्यांनी साथ दिली. बहार तोडताना दर बागेनं एक कॅरेट मशीनसाठी बाजूला काढायची असं ठरवलं. मी स्वतः बागंबागंत जाऊन राह्यले. कुणी हिरवी घालतं, कुणी डागी, कुणी चांगली वरच्या थराला ठेवून खाली लिंबाएवढी भरतं. पण देतात. मेंढरंवाला पुंजाराम न्हाई का, त्याच्याकडं बाग न्हाई, जमीन न्हाई. त्यानं एक मेंढा विकून पैसे आणून दिले. त्याची बायको साखराबाई माझ्यासमोर त्याच्यावर ओरडली, "सवताच्या अंगाला चादर न्हाई आन् गावाला मशीन!" तो हसून म्हणाला, "मी रानात एकटा हिंडतो. कधी पडलो तर मलाच लागंल."

तुम्ही एकदा येऊन गावाला समजावून सांगाल का? माझं अर्धं ऐकतात. तुमचं बराबर ऐकतील. दिवाळीला या.

सत्यशीला वहिनी


पुणे
१० नोव्हेंबर २००६

ती. वहिनींना नमस्कार.

दिवाळीत सुट्टी मिळाली नाही. संक्रांतीचंही कठीण दिसतं. मी येऊन वेगळं काय सांगणार? तुम्ही सांगता ते बरोबरच आहे.

सोबत मशीनचं माहितीपत्रक पाठवतो. इंग्रजीत आहे, पण चित्रं पाहून कळेल. विक्रेत्याला मार्चपर्यंत भाव धरून ठेवायला सांगितलंय. माझ्याकडून आणखी दहा पाठवतो. नाही म्हणू नका. रोज ड्यूटीवर त्या मशीनपुढं उभा राहिलो की तुमच्या गावच्या रकमेचा हिशोब डोक्यात सुरू होतो, मग झोपही नीट लागत नाही.

दादांशी भांडू नका. ते चुकीचं वागत असतील, पण भाऊ गेल्यावर माणसाला हाताला काहीतरी काम लागतं. तुम्ही मशीनमागं आहात, ते खांबामागं आहेत.

इंद्रभान


माळसावंगी
३१ जानेवारी २००७

इंद्रभान भावजी,

पुंजाराम गेला.

प्रजासत्ताक दिनाचं झेंडावंदन झालं, शाळेच्या पटांगणात लाडू वाटणं चाललं होतं. तो फाटकाजवळ उभा होता, मेंढरं बाहेर. एकाएकी खाली बसला आन् आडवा झाला. सगळं गाव तिथं होतं भावजी. सरपंच, मास्तर, मी, साखराबाई, सगळे. आम्ही त्याच्याभोवती गोल करून उभे. कुणी कांदा फोडून नाकाला लावला. कुणी तळपाय चोळले. कुणी वारा घातला. त्याचं तोंड मधून मधून उघडत होतं, पाण्याबाहेरच्या मासोळीसारखं. आम्हाला वाटलं श्वास चाललाय, आता उठंल. साखराबाई माझा पदर ओढून म्हणून राह्यली, "बाई, तुमची मशीन कुठंय? आणा ना जल्दी. आमचा मेंढा गेला तिच्यात." मी काय सांगू? थोडीच रक्कम कमी होती. दोन बागांची कॅरेट अजून यायची होती.

जीप यायला वीस मिनिटं लागली. तवर तोंड उघडायचं बंद झालं होतं.

परवा रखमाजीदादा बोलले. सहा महिन्यांनी पहिल्यांदा. कमानीचे राहिलेले सगळे पैसे माझ्यासमोर ठेवले आन् म्हणाले, "खांब तसेच राहू दे. सांग तुझ्या इंद्रभानला, पाठव म्हणावं डबा." आता रक्कम पुरी झाली. आता! चार दिवस आधी झाली असती तर? मीच हळू चालले. माझाच दोष.

दोन गोष्टी विचारते. एक, त्या वीस मिनिटांत मशीन सोडून दुसरं काहीच करता येत नव्हतं का? एवढी शंभर माणसं, दोनशे हात. तुमच्या दवाखान्यात मशीन दुसऱ्या खोलीत असली तर ती येईस्तोवर तुम्ही काय करता? नुसते उभे राहता?

दुसरी. तुमचं जुलैचं पत्र काल पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिलंय, ते उजव्या कुशीवर पडले, हातपाय न झाडता. मला हे कुणी सांगितलेलं न्हाई. मी इथं विचारलं, ज्याला त्याला वेगळंच आठवतं. तुम्ही तर पुण्यात होता. तुम्हाला कुणी सांगितलं?

सत्यशीला


पुणे
९ फेब्रुवारी २००७

वहिनी,

मला कुणी सांगितलं नाही. मी पाहिलं.

त्या दिवशी मी गावात होतो. दोन दिवसांची सुट्टी होती, सकाळच्या गाडीनं वडीगोद्रीला उतरलो. मनात होतं, यात्रेचा दिवस आहे, बद्रीभाऊंशी बोलून बांधाचा विषय मिटवून टाकावा. आधी कुस्त्या पाहू, मग घरी जाऊ, असं म्हणून गर्दीत मागं उभा राहिलो. कोणाला भेटलो नव्हतो. ते माझ्यापासून पंधरा पावलांवर पडले.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला जुलैतच द्यायला हवं होतं. मशीन येईपर्यंत आम्ही उभे राहत नाही. आम्ही छाती दाबतो. माणसाला उताणं करून, छातीच्या मधोमध तळहात ठेवून, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ, दोन इंच खाली जाईल इतकं जोरात, मिनिटाला शंभर वेळा, न थांबता. हृदय काम करत नाही तेव्हा ते काम बाहेरून हातांनी करायचं. त्याला मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. हे मी शेकडो वेळा केलंय. पुंजारामचं तोंड उघडत होतं तो श्वास नव्हता. तेव्हाच दाबायला हवं होतं. हे तुमच्यापैकी कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं.

आणि त्या मैदानात मी हात खिशात घालून उभा राहिलो.

का, ते सांगतो. पाय पुढं टाकलाही होता. तेवढ्यात शेजारी उभा असलेला बाहेरगावचा एकजण म्हणाला, "हा इंद्रभान न्हाई का? भाऊकीतला?" आणि डोक्यात एकच गोष्ट आली. मी त्यांच्या छातीवर बसून दाबायला लागलो आणि ते माझ्या हाताखाली गेले, तर गाव काय म्हणेल? बांधाचं भांडण सगळ्यांना ठाऊक. दाबताना कधी कधी बरगडी मोडते, आवाज येतो. लोक म्हणतील, मारलं. मी एवढाच विचार केला. तो विचार करण्यात जो वेळ गेला तोच त्यांचा होता. मग जीप आली आणि मी गर्दीतून मागच्या मागं निघालो, उसाच्या ट्रकमध्ये बसून पुण्याला आलो. दहाव्याला नव्यानं आल्यासारखा आलो.

तुम्ही मशीनचं विचारलंत तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. मशीन गावात नव्हती, तो माझा दोष नव्हता. हातांचं सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं की तिथं हे येणारं कुणीच नव्हतं का. म्हणून लपवलं. आणि त्या लपवण्यात पुंजाराम गेला. दोष तुमचा नाही वहिनी. तुम्ही मुळीच हळू चालला नाहीत.

हे पत्र दादांना दाखवायचं असेल तर दाखवा.

इंद्रभान


माळसावंगी
१४ एप्रिल २००७

इंद्रभान यांस,

दोन महिने मी तुमच्या पत्राला हात लावला न्हाई. अंगणवाडीच्या कपाटात डाळीच्या पोत्याखाली ठेवलं. पण ते तिथं हाय हे कळत होतंच. पोरांना गाणी म्हणून दाखवताना मधेच शब्द विसरायचे. दोनदा पोस्टात गेले, तुमचे पन्नास हजार परत पाठवावे म्हणून. दोन्ही वेळा दारातून फिरले. मशीनला कुठं माहीत, कोणाचे पैसे कोणते. ते आता पुंजारामच्या मेंढ्यात मिसळले.

दादांना पत्र दाखवलं न्हाई. साखराबाईला वाचून दाखवलं. तिचा माणूस गेलाय, तिचा हक्क हाय. तिनं पूर्ण ऐकलं. मंग म्हणाली, "त्याला इकडं बोलवा. मला बघायचंय कसं दाबतात ते."

तर या. माझ्यासाठी येऊ नका. रविवार, सहा मे, सकाळी नऊला, शाळेत. मी दवंडी देते. पटांगणात सगळ्यांसमोर उभं राहून ते दाबायचं शिकवा. त्याआधी, तुम्ही त्या दिवशी कुठं होता तेबी तुमच्याच तोंडानं सांगा. मी सांगणार न्हाई. मी पुढच्या रांगेत बसेन. मला तुमच्याशी बोलायचं न्हाई, म्हणून चहाला थांबू नका.

सत्यशीला


पुणे
११ मे २००७

ती. वहिनींना नमस्कार.

तुम्ही सांगितलं होतं म्हणून थांबलो नाही. पण काही गोष्टी लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

पटांगणात बोलायला उभा राहिलो तेव्हा वाटलं होतं, लोक मारतील. बोलून झालं तसे फक्त रखमाजीदादा उठले आणि माझ्याकडं न बघता फाटकाबाहेर गेले. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग साखराबाईंनी विचारलं, "मंग माझा माणूस वाचला असता का?" मी बारा वर्षं नातेवाइकांना गोलगोल उत्तरं देत आलोय. त्या दिवशी म्हणालो, "नक्की सांगता येत नाही. पण वाचला असता अशी शक्यता होती." त्यांनी मान हलवली आणि पदर खोचला. पोत्यात ट्रॅक्टरची ट्यूब भरून केलेला तो माणूस आठवतो ना? त्याच्यावर त्या अशा वाकल्या की मी मोजायचं विसरलो. दोन मिनिटांत पुरुष दमतात. त्यांना मीच थांबा म्हणालो. घामाघूम चेहऱ्यानं मला विचारतात, "असंच का? बराबर?" मी म्हणालो, "बिलकुल बरोबर." मग बाजूच्या खोलीत जाऊन मी पाच मिनिटं नळाखाली तोंड धुतलं.

मशीन बाहेरच्या देशातून मागवावी लागते, ऑगस्टमध्ये येईल. ती इंग्रजीत बोलते, तिला मराठी येत नाही. ती काय म्हणते आणि तेव्हा काय करायचं, ते मी मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून पाठवतो. तिला उन्हात ठेवू नका, कुलपातही ठेवू नका. सकाळपासून उघडं असेल असं दुकान पाहा. दर महिन्याला हिरवा दिवा लागतोय ना ते बघत जा.

मी दर महिन्याला यायला तयार आहे. बोलावलंत तर.

इंद्रभान


माळसावंगी
२२ फेब्रुवारी २००८

चि. इंद्रभान भावजी यांना आशीर्वाद.

घाईत लिहून राह्यले, हात अजून दुखतात.

मशीन आल्यापासून स्टँडसमोर रामकिसनच्या किराणा दुकानात भिंतीला असती, हे तुम्हाला कळवलंच होतं. लोक तिच्याशेजारी बिडी ओढत गप्पा मारायचे. कधी कधी मला वाटायचं, ती तिथंच जुनी होऊन जाईल. आन् वाटायचं, तसंच होवो.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला बेबीनंदा, त्या वळणावरच्या मोसंबीच्या बागेतली सून, मोटार चालू करायला गेली. स्टार्टरच्या डब्यातून तिला करंट बसला. सव्वीस वर्षांची पोर. तिच्या सासऱ्यानं लाकडानं मेन बंद केला, मंग तिला ओढलं. हे त्याला कुणी सांगितलं होतं? तुम्हीच, मे महिन्यात. पोर निपचित. तोंड उघडून राह्यलेलं, तसंच, मासोळीसारखं.

साखराबाई शेजारच्या रानात खुरपत होती. बांध ओलांडून आली आन् आल्या आल्या छातीवर. मला बोलवायला मोटारसायकल आली. मी दुकानातून मशीन काखेत घेतली, मागं बसले. वाटेत एकच विचार, पट्ट्या उलट्यासुलट्या लावल्या तर? पुठ्ठा दुकानातच राह्यला होता. पण भावजी, मला सगळं पाठ होतं. ती बाई मशीनमधून इंग्रजीत बोलून राह्यली आन् मी मराठीत ओरडून राह्यले, "हात काढा! कुणी शिवू नका!" साखराबाई मागं सरकली. मी बटण दाबलं. पोर अशी उसळली की तिची सासू किंचाळली. मला वाटलं मारलं मी हिला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, तुम्ही कशाला भ्याला होता.

पण साखराबाई थांबली न्हाई. लगेच पुन्हा दाबायला लागली, मोठ्यानं आकडे म्हणत. ती दमली की मी, मी दमले की पोरीचा सासरा. दुसरा झटका मशीननं मागितलाच न्हाई. थोड्या वेळानं बेबीनंदा खोकली. खोकली आन् साखराबाईचा हात ढकलायला लागली. साखराबाई तिथंच चिखलात बसली आन् तोंडात पदर कोंबून रडली.

पोर जालन्याला दवाखान्यात हाय. एक बरगडी मोडलीय. हाताला भाजलंय. काल तिनं सासूला विचारलं, म्हशीची धार कोणी काढली.

रखमाजीदादा जालन्याला तिला बघून आले. येऊन ओट्यावर बसले आन् बराच वेळ चपलेनं माती उकरत राह्यले. मंग म्हणाले, "इंद्रभानला कळव." एवढंच. तेवढंबी पुष्कळ झालं.

आता माझं. माफीचं मला अजून कळत न्हाई. तुम्ही विचारू नका, मीबी देते म्हणणार न्हाई. पण सोमवारपासून एक गोष्ट मनात घोळतीय. बेबीनंदा पडली तेव्हा तिचा चेहरा मी बघितला. पुंजारामचा बघितला. माझ्या माणसाचा न्हाई बघितला. मी चुलीपुढं होते. जीपमागं पळाले तेव्हा नुसते पाय दिसले. इथं कुणाला विचारलं तर म्हणतात, जाऊ द्या बाई, कशाला आठवता. तुम्ही पंधरा पावलांवर होता. तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त दिसले. शेवटच्या घडीला ते कसे होते, ते मला लिहा. चांगलं करून लिहू नका. दिसलं तसं.

अजून बारा बाया शिकायच्या म्हणतात. त्यासाठी या. घरी जेवा.

सत्यशीला वहिनी


पुणे
२ मार्च २००८

ती. वहिनींना नमस्कार.

दिसलं तसं लिहितो.

त्यांनी पांढरा सदरा घातला होता, बाह्या कोपरापर्यंत वर. डोक्याला काही नव्हतं, ऊन तोंडावर येत होतं. दोन पैलवानांची कुस्ती चालली होती. एकाच्या डोळ्यात माती गेली. भाऊंनी शिट्टी वाजवून कुस्ती थांबवली, खांद्यावरच्या पंच्यानं त्याचा डोळा स्वतः पुसला. लोक ओरडत होते, कुस्ती सोडा, कुस्ती सोडा. भाऊ हसून म्हणाले, "दम खा रे जरा. कुणी पळून चाललंय का?" त्यांचं हसणं तुम्हाला माहीत आहे. तसंच होतं, काही कमी नव्हतं.

मग पंचा झटकता झटकता त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि मी त्यांना दिसलो. वहिनी, त्यांनी मला पाहिलं. दोन वर्षांत आमची नजरानजर झाली नव्हती. त्यांनी भुवया वर केल्या. माझ्याकडं बघत हनुवटी उचलून म्हणाले, "कधी आलास?" आवाज माझ्यापर्यंत आला नाही, पण ओठ दिसले. चेहऱ्यावर राग नव्हता. दुखतंय असंही नव्हतं. घरच्या माणसाला विचारतात तसं विचारलं. मी हात वर करणार होतो. तेवढ्यात त्यांचे गुडघे वाकले आणि ते उजव्या कुशीवर पडले. त्यानंतर चेहऱ्यावर काही आलं नाही. त्रास झाला नाही. हे मी समजूत म्हणून लिहीत नाही. मी असे पुष्कळ पाहिलेत, मला कळतं.

मी आत्ताच आलोय, तुमच्याचकडं आलोय, एवढंच त्यांना सांगायचं होतं. हे मी पटांगणातही बोललो नाही. ते फक्त तुम्हाला कळावं असं वाटलं.

तुमच्या पत्रातला बेबीनंदाचा भाग मी ड्यूटीच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवला. आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, ती खुरपणारी बाई कुठं शिकली? मी म्हणालो, आमच्या गावच्या शाळेत.

शनिवारी सकाळच्या गाडीनं वडीगोद्रीला उतरतो. तिथून सरळ घरी येतो.

इंद्रभान